मार्चकारांचे पावतीपुस्तक

मार्चकार दान मिळण्याआधीच पावती लिहीत. फेब्रुवारी संपता संपता ते नवे पावतीपुस्तक काढत आणि यंदा कोण कोण देईल याचा अंदाज घेऊन एकेका पानावर एकेक नाव पेन्सिलीने लिहून ठेवत. रकमेची जागा कोरी. चेक हातात पडला की तेच नाव पेन्सिलीच्या रेघांवरून शाईने गिरवायचे, रक्कम घालायची, खाली सही करायची. चेक आला नाही तर खोडरबराने नाव पुसून त्याच पानावर दुसऱ्याचे लिहायचे. त्यामुळे त्यांच्या पुस्तकातली काही पाने पुसून पुसून इतकी पातळ होत, की मागच्या पानाचा आकडा पुढे दिसे. मी एकदा विचारले, "एवढा भरवसा आहे लोकांवर, तर सरळ शाईनेच का नाही लिहीत?" ते म्हणाले, "भरवसो सगळ्यांचेर आसा, बाई. पूण पेन्सिलीन."

त्यांचे खरे नाव मी इथे लिहीत नाही. डिचोलीत ते फारसे कुणाला ठाऊकही नव्हते. आपल्याकडे आडनाव गावावरून पडते, यांचे महिन्यावरून पडले. मार्च लागला की इब्रामपूरहून दोन बसगाड्या बदलून ते यायचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, काखेत छत्री, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक, शिक्का, शाईची गादी आणि पाववाल्या पोदेराकडून घेतलेले दोन उंडे. जेवणाच्या वेळी कुणाच्याही घरी असले तरी ते आपला पाव आपणच काढत. "दान मागपी मनशान जेवंक बसूं नये. लोकांक दोन फावट दिल्लें कशें दिसता," असे त्यांचे म्हणणे; दान आणि वर जेवण, म्हणजे दोनदा दिल्यासारखे.

मुक्ता, तू परवा फोनवर विचारलेस, की आजोबांच्या नावाने गोव्यात काही द्यायचे आहे, कुठल्या संस्थेला द्यावे आणि त्याची पावती टॅक्सला चालेल का. ईशान मागून ओरडला, की आजी, एक यादी करून पाठव. यादी मी करणार होते. इंग्रजीत, नंबर घालून, तुम्हांला माझी सवय माहीत आहे. पण कागद पुढे घेतला आणि मार्चकारच आठवले. तेव्हा आधी हे वाचा.

तुमच्या आजोबांना पेन्शन होते आणि म्हापशाच्या दुकानाचे भाडे येई, त्यामुळे टॅक्स बरा बसायचा. आमचे रिटर्न मार्चकार भरत. फी नाममात्र घेत, आणि फी घेऊन झाली की पिशवीतून पावतीपुस्तक काढत. नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या रकमेतली निम्मी, एका मर्यादेपर्यंत, उत्पन्नातून वजा होते, हे मी इंग्रजी शिकवणारी बाई असूनही त्यांच्याकडून कोकणीतून शिकले. दोन हजारांच्या वर रोख दिले तर वजावट नाही. वस्तू दिली तर नाही. जमीन दिली तरीही नाही.

एकदा शिरगावच्या एका ट्रकमालकाने पाच पोती तांदूळ आणून टाकले आणि पावती मागितली.

"पावती दितां," मार्चकार म्हणाले, "पूण टॅक्सांत ती चलची ना."

"कित्याक? तांदूळ वायट?"

"तांदूळ बरे. पूण टॅक्सवाले शीत जेवनात, चेक जेवतात."

ट्रकमालक हसला आणि चेकही देऊन गेला. ते खाणींचे दिवस होते. शिरगाव, डिचोलीच्या रस्त्यांवर दिवसभर खनिजाचे ट्रक, झाडांची पाने लाल, दारातली रांगोळी लाल, वाळत घातलेले कपडे लाल. ज्याच्या दारात दोन ट्रक, त्याला टॅक्सची धास्ती. मार्चकार तीच धास्ती धरून लोकांना उदार करीत. "सरकाराक दितलो तातूंतलें थोडें बाबल्याक दी," असे ते सांगत.

बाबलो म्हणजे कोण, ते सांगायला हवे. डिचोलीच्या बाहेर एका बंद पडलेल्या कंत्राटदाराच्या कचेरीत काही लोकांनी आठ खाटा टाकल्या होत्या. खाणीची धूळ छातीत बसलेले, ट्रकवरून पडून कंबर गेलेले, घरी बघायला कुणी नसलेले असे आठ जण तिथे असत. दोन बाया त्यांचे सगळे करीत. लोक त्याला आठ खाटांचे घर म्हणत. मार्चकार त्या संस्थेचे चिटणीस होते, बिनपगारी. बाबलो पहिल्या खाटेवरचा. सिंधुदुर्गातून हमाल म्हणून आलेला, आयुष्यभर खनिज भरले आणि शेवटी नाकाला ऑक्सिजनची नळी. पण जिभेला धार. पावतीपुस्तक बघितले की तो म्हणायचा, "मार्चकारानूं, माजाव नाव लिवा मरे खंयतरी. पेन्सिलीनच लिवा हां. पुसूक बरा पडात."

मार्चकारांना हसू यायचे नाही. ते त्याच्या नळीचा पीळ सोडवून द्यायचे.

मार्च सोडून उरलेले अकरा महिने ते मृत्युपत्रे मागत फिरत. तुम्हांला हे विचित्र वाटेल, पण त्यात त्यांचा विचार होता. आपल्या गोव्यात लग्न झाले की मालमत्तेतले साधारणपणे अर्धे नवऱ्याचे, अर्धे बायकोचे. आणि मुले असली तर आपल्या वाट्यातल्या फक्त अर्ध्या भागाचे काय करायचे ते आपण ठरवू शकतो, बाकीचे अर्धे मुलांचेच. मार्चकार घरोघर जाऊन सांगत, की मुलांच्या वाट्याला हात लावूच नका, तो लागतही नाही. तुमच्या हातातल्या अर्ध्यातला एक कोपरा या आठ खाटांच्या नावाने नोटरीकडे लिहून ठेवा.

पार्शाला माझ्या नणंदेच्या घरी त्यांनी चवथीच्या आदल्या आठवड्यात हा विषय काढला. नणंद मखराचे सामान पुसत होती. ती ताडकन उठली. "सणाच्या तोंडार मरणाच्यो गजाली? मार्चकार, तुमी यमाचे एजंट काय कितें?"

"न्हय गो वयनी. यम फुकट व्हरता. हांव कागद मागतां."

"आणी कागद दिल्यार टॅक्स किती वाचता?" नणंदेचे यजमान आतून विचारत आले.

"कांयच ना. मेल्या उपरांत टॅक्स भरपाचो ना, मागीर वाचतलो कितें?"

"मागीर कित्याक दिवप?"

त्यावर मार्चकार जे बोलले ते त्यांचे नेहमीचे वाक्य होते. ते घाई करणाऱ्यालाही तेच सांगत आणि टाळणाऱ्यालाही तेच. "भुकेक मार्च कळना, भाऊ. ती खंयच्याय म्हयन्यान लागता." नणंदेने त्यांना चहा दिला, पण मृत्युपत्र केले नाही. त्या सगळ्या वर्षांत किती जणांनी केले, तर माझ्या माहितीत एकानेही नाही.

मग खाणी बंद झाल्या. दारातल्या ट्रकांच्या चाकांत गवत वाढले. रस्ते धुतल्यासारखे काळे दिसू लागले आणि घरे अंधारल्यासारखी. ट्रकमालकांना टॅक्स राहिला नाही, त्याबरोबर मार्चचा धर्मही राहिला नाही. नोकरदार मुलांनी पुढे टॅक्सची नवी पद्धत घेतली. तिच्यात दर कमी, पण अशा दानाची वजावट नाही. मार्चकारांचे पुस्तक मार्चअखेर पेन्सिलीनेच भरलेले राहू लागले. मी म्हटले, "बघा, लोक पुण्यासाठी देत नव्हते, सवलतीसाठी देत होते." ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "अशें म्हणूं नाकात, बाई. लोक वायट न्हय. दारात आयिल्ल्याक दिवपाक मनशाक एक निमित्त जाय. तें निमित्त गेलें, इतलेंच."

आठातल्या दोन खाटा रिकाम्या झाल्या, त्या भरल्या नाहीत. एका बाईचा पगार तीन महिने थकला, तरी ती येत राहिली. त्या जानेवारीत तुमच्या आजोबांनी आपल्या दारापुढच्या बाल्कांवावर बसून मार्चकारांना शब्द दिला. पार्शाची काजूची बाग विकून पैसे आले होते. आजोबा म्हणाले, "आठ खाटांच्या घराचा एका वर्षाचा सगळा खर्च आम्ही देऊ. ऑक्सिजन, औषधे, दोन्ही बायांचे पगार." मी चहा घेऊन येत होते, मीही हो म्हटले. मार्चकार उठून उभे राहिले आणि काय करावे ते न सुचून त्यांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली.

फेब्रुवारीत एक गोष्ट उघडकीला आली.

संस्थेला करसवलतीचे जे प्रमाणपत्र मिळाले होते, ते त्यांनी काचेची चौकट करून पहिल्या खाटेच्या वर भिंतीला लावले होते. दसऱ्याला आपण जशी शस्त्रांची, गाडीची पूजा करतो, तशी मार्चकार त्या चौकटीची करीत. गंध, अक्षता, झेंडूची माळ. ते म्हणत, हे आमचे हत्यार. इतकी वर्षे गंध लावून लावून काचेवर एक तांबडा ठिपका कायमचा बसला होता, आणि त्या कागदाची मुदत संपू शकते हे कुणाच्या डोक्यातच आले नाही. पूर्वी ती संपतही नसे. पुढे नियम बदलला आणि सगळ्या संस्थांना नव्याने नोंदणी करायची होती. कळवण्याचे सगळे संगणकावर आले होते. मार्चकार बाकीच्यांची रिटर्न संगणकावर भरत, पण संस्थेचे पान त्यांनी उघडून पाहिले नव्हते. भिंतीवर कागद होता ना. म्हापशाच्या एका हिशेबनिसाने सहज त्या कागदावरचा नंबर तपासला, तेव्हा तो केव्हाच मेलेला निघाला.

संस्थेचे अध्यक्ष पूर्वीचे ट्रकमालक. पुढचे त्यांनीच मला नंतर सांगितले, मान खाली घालून. त्यांनी मार्चकारांना बाजूला घेतले. "तोंड बंद दवरात. नवो अर्ज घालूंया, पूण ह्या मार्चाच्यो पावत्यो फाडात. कोण विचारता?"

"नंबर चलना, अध्यक्षानूं."

"तें दोन वर्सांनी कळटलें. तेन्ना पळोवया. आतां आठांतले स जाण खाटेर आसात."

"दोन वर्सांनी दिवप्याक नोटीस येतली. मागीर तो आमकांच न्हय, कोणाकूच दिवचो ना."

मार्चकारांनी म्हापशाला जाऊन एक रबरी शिक्का करून आणला: 'या पावतीवर प्राप्तिकरात सवलत नाही.' नव्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर तो मारला. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ज्या ज्या दारात ते इतकी वर्षे सवलत सांगत गेले, त्या त्या दारात जाऊन सवलत नाही असे सांगू लागले.

आमच्याकडे आले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. बसा म्हटले तरी कदेलावर बसले नाहीत. उभ्यानेच सगळे सांगितले, चूक आपली म्हणून सांगितले, पुस्तक पिशवीतून काढलेही नाही.

आजोबांनी चेकबुक आणायला हाक मारली. मी आणले नाही. मी म्हटले, "प्रमाणपत्र येऊ दे, मग देऊ. एवढी रक्कम आहे, मिळेल ती वजावट का घालवायची? तोपर्यंत बँकेत ठेवते. चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे." मला अजून माझा आवाज आठवतो. वर्गात मुलांना समास सोडून लिहायला सांगायची, तसा होता. घरातले पैशांचे निर्णय मी घेत असे आणि ते नीट घेत असे, म्हणून आजोबांनी पुन्हा चेकबुक मागितले नाही.

"बाई म्हणतात तें बरोबर," मार्चकार म्हणाले. "हांवूय दुसऱ्यांक हेंच सांगलें आसतें."

मी वाट पाहिली, की आता ते भुकेचे आणि मार्चचे वाक्य बोलतील. मी त्याला उत्तरही तयार ठेवले होते. ते बोलले नाहीत. आपला पाव खाल्ला, हात धुतले आणि गेले.

मीच एकटी शहाणी होते असे नाही. त्या मार्चमध्ये बहुतेकांनी तेच उत्तर दिले, प्रमाणपत्र येऊ दे. एप्रिलमध्ये चार खाटा राहिल्या. थकलेल्या पगाराची बाई दुसरीकडे कामाला लागली, तिलाही घर होते. मे महिन्यात कचेरीच्या मालकाने जागा परत मागितली. ज्यांचे कुणी नातेवाईक सापडले, त्यांना त्यांनी नेले. एकाला नेताना त्याच्या सुनेने सगळ्यांदेखत विचारले, "हाका आतां हांव खंय घालूं?" बाबल्याचे कुणीच आले नाही. मार्चकारांनी त्याला एका टेम्पोत घालून, ऑक्सिजनच्या यंत्रासह, इब्रामपूरला आपल्या घरी नेले. ती चौकटही गंधाच्या ठिपक्यासकट नेली.

पाऊस सुरू झाला आणि तिकडे वीज जाऊ लागली. वीज गेली की यंत्र बंद. मार्चकार आणि त्यांची बायको पाळीपाळीने बाबल्याला टेकून बसवत आणि वारा घालत. दोघांनीही सत्तरी ओलांडली होती. बाबलो आषाढात एका दुपारी गेला. वीज नव्हती. जाण्याआधी तो काही बोलला का, असे मी मार्चकारांना विचारले. ते म्हणाले, "उलोवपाक वारो जाय, बाई. तो नासलो." बोलायला हवा लागते, ती नव्हती.

प्रमाणपत्र चवथीनंतर आले. मार्चकार ते घेऊन आमच्याकडे आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न दुमडता. नवा नंबर, नवी मुदत, सगळे व्यवस्थित. आजोबा आत गेले आणि या वेळी चेकबुक स्वतः घेऊन आले. मार्चकारांनी हात जोडले. "आतां कोणाखातीर घेवं, भाई? खाट एकूय ना." मी म्हटले, पुन्हा सुरू करू, पैसे आहेत, कागद आहे. ते म्हणाले, "कागद आसा. हांव ना." त्यांना उभे राहताना दम लागत होता हे मला तेव्हाच दिसायला हवे होते.

त्या बँकेतल्या पैशांचे काय झाले ते तुम्हांला ठाऊक आहे, त्यातच आजोबांचे शेवटचे आजारपण निघाले. आणि किती टॅक्स वाचला असता, तोही हिशेब मी नंतर एकदा केला. आपल्या बाल्कांवाला जे लोखंडी ग्रिल आहे, ज्याला धरून तुम्ही लहानपणी लोंबकळायचा, तेवढेही त्यात झाले नसते.

मार्चकार पुढच्या वर्षी गेले. मार्चमध्ये नव्हे, नोव्हेंबरात. बाराव्यानंतर त्यांची बायको एकटी दोन बस बदलून माझ्याकडे आली. मी तिला वयनी म्हणते. तिने तीच कापडी पिशवी आणली होती. "कागदपत्रां तुमकां दिवपाक सांगलां. बाई नीट दवरतात म्हण," ती म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. तिने मात्र आल्या आल्या तुमच्या आजोबांविषयी विचारले, "भाईंची तब्येत कशी आसा?"

मुक्ता, ईशान, यादी वेगळ्या कागदावर पाठवते आहे. पेडण्यात घरोघर जाऊन अंथरुणावरच्या माणसांना बघणाऱ्या परिचारिकांची एक लहान संस्था आहे, तिचे नाव त्यात पहिले आहे. इथली पावती तुमच्या तिकडच्या टॅक्सला चालेल की नाही, ते तिकडे विचारा. पण विचारून उत्तर यायच्या आधी द्या. मी स्वतः गेल्या महिन्यात नोटरीकडे जाऊन आले. माझ्या वाट्यातल्या ज्या अर्ध्या भागावर माझी सत्ता चालते, त्यातला काही त्या संस्थेच्या नावाने लिहिला आहे. तुमच्या बाबाला मी ते सांगितले आहे. इतकी वर्षे एकाही घरातून मार्चकारांना जो कागद मिळाला नाही, तो आमच्या घरातून मिळाला, पण त्यांच्या हातात नाही.

पिशवीत शिक्का होता, वाळलेली शाईची गादी होती आणि शेवटचे पावतीपुस्तक. मी ते पान पान उलटून बघितले. प्रत्येक पानावर तो रबरी शिक्का, सवलत नाही. त्याच्या वर पेन्सिलीने लिहिलेली आणि पुसलेली नावे. उजेडाकडे धरले की अजून वाचता येतात. एकच पान पुसलेले नाही. त्यावर रक्कम नाही, सही नाही, फक्त तुमच्या आजोबांचे नाव आहे आणि त्याच्यापुढे 'आणि सौ. बाई'.

ते शाईने लिहिले आहे.